शुक्रवारची पहिली ओळ

भावकीतल्या, गावातल्या आन् बाहेरगावाहून एसटीनं, टेम्पोनं आलेल्या सगळ्या मंडळींनो, रामराम.

मला ह्या माईकवर बोलायची सवय न्हाई. सरपंच म्हणाले, हौसाआजी, तुमी भावकीत सगळ्यात थोरल्या, दोन शब्द बोला. म्या म्हणलं, दोनच बोलायचे तर घरी बसून बोलते की. पण आले. बोलायला जड जातंय. रडू येतंय म्हणून न्हाई. माझं रडू लई वर्षांपूर्वी आटलं, नामा गेला म्हणून त्याला परत पाझर फुटणार न्हाई. जड ह्यासाठी जातंय की आत्तापर्यंत जे बोलले ते सगळे गोड बोलले. गोडाच्या ताटात तिखट वाढायचं म्हंजे वाढणारीचा हात जरा थांबतोच.

सरपंच म्हणाले, नामदेवराव गावाचा आधारवड होते. नामदेवराव! जिवंतपणी त्याला कुणी राव म्हणलेलं म्या ऐकलं न्हाई. नामा फौजी म्हणायचे, नामा फुटबॉल म्हणायचे, पोरं अण्णा म्हणायची. मास्तर म्हणाले, देवमाणूस. देवमाणूस बिवमाणूस काही न्हाई. हट्टी होता. चहात साखर कमी पडली की कप तसाच ठेवून उठायचा, बोलायचा न्हाई. बायकोला, ह्या पारूला, बाजाराला नेतो म्हणायचा आन् मॅच लागली की विसरायचा, ती बिचारी पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी. मी लग्न होऊन ह्या गावात आले तेव्हा तो एवढासा होता, नाकाला शेंबूड. त्यामुळं मला त्याचा देव करता येत न्हाई. तुमी करा.

हितं पाव्हणी मंडळी हायत. कामथडीहून नामाच्या लेकीच्या सासरची आलीत. त्यांना आमच्या गावची रीत ठाऊक नसंल, म्हणून जरा मुळापासनं सांगते.

नामा पलटणीत होता. तिथं तो फुटबॉल शिकला. आमच्याकडं पोरं कबड्डी खेळायची, जत्रेला कुस्त्या बघायची. चेंडूला लाथ मारत कुणी हिंडत नसे. हा पेन्शन घेऊन आला तो एक ट्रंक, एक शिट्टी आन् एक चेंडू घेऊन. भात निघालं की रिकाम्या खाचरात दोन बांबू हिकडं, दोन बांबू तिकडं रोवायचा आन् पोरांना पळवायचा. पुढं पडवीत मोठा टीव्ही लावला. त्यावर विलायतेतल्या लीगच्या मॅच. आधी चार माणसं बघायला यायची, मग दहा, मग पडवी पुरंना. एकेका घरानं एकेक टीम धरली. मला त्या टीमांची नावं घेता येत न्हाईत, जीभ वळत न्हाई. मी शर्टाच्या रंगावरनं ओळखते. तांबडे, निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्याचे. माझा लेक तानाजी तांबड्यातला. हा दत्तू समोर बसलाय, तो निळ्यातला. दत्तूनं एका सणाला बैलांची शिंगंसुद्धा निळी केली होती. बैलांना विचारलं न्हाई.

नामाची टीम वांगी रंगाची. ती का धरली? तर भोरच्या बाजारात जुन्या कपड्यांचा ढीग असतो, त्यात त्याला वांगी रंगाचा शर्ट सापडला. अंगाला बसला. पाठीवर त्या टीमचं नाव होतं. झालं. बाकीच्यांनी कोण जिंकतंय ते बघून टीम धरली, ह्यानं अंगाला बसली ती धरली. बायकोपण अशीच केली होती. पारू, राग मानू नकोस.

आता कुणी मनात म्हणंल, आजी, शोकसभा हाय आन् तुमी फुटबॉल काय लावलाय? थांबा. फुटबॉलशिवाय नामाचं सांगता येत न्हाई. आन् आज मला जे बोलायचंय तेही बोलता येत न्हाई.

मंडळी, भाताची लावणी आमच्याकडं कुणी एकट्यानं करत न्हाई. आज तुझ्या खाचरात मी, उद्या माझ्या खाचरात तू. आमच्या वाडीतली अकरा घरं अशी एकमेकांच्या रानात उतरतात. ऐकायला लई ग्वाड वाटतं. पण पहिलं रान कुणाचं? ह्यावरनं डोकी फुटलीत. म्या डोळ्यांनी बघितलीत. कारण रोपाला वय असतं. बी पेरून तीन आठवडे झाले की रोप उपटून खाचरात लावावं. तवा ते कवळं असतं, फुटवे धरतं. महिना उलटला की थोराड होतं. मग लावा न्हाईतर नका लावू, नुसती काडी उभी राहती. पहिल्या घराला कवळं रोप, बांधापर्यंत पाणी आन् ताज्या दमाची माणसं. शेवटच्या घराला थोराड रोप, उघडलेला पाऊस आन् कंबर धरून कण्हणारी माणसं. मग कोण म्हणंल, मी शेवटी?

पूर्वी चिठ्ठ्या टाकायचो. तर चिठ्ठी उचलणारा कुणाचा तरी मेव्हणा निघायचा.

नऊ वर्षांपूर्वी असंच भांडण लागलं होतं. नामाच्याच पडवीत. शिव्या झाल्या, एकमेकाच्या आज्याच्या पिढीतलं निघालं. तेवढ्यात टीव्हीवर विलायतेच्या लीगची नवी यादी आली. कोण कुणाशी कधी खेळणार त्याची. जून महिन्यात येती ती, लावणीच्या तोंडावर. भांडणारे गप झाले आन् टीव्हीकडं बघायला लागले. नामा शिट्टी वाजवून उठला. म्हणाला, ह्या यादीवरनं ठरवू. ज्याच्या टीमचं नाव यादीत आधी, त्याचं रान आधी. एका टीमची दोन घरं असली तर थोरल्याचं आधी. ही यादी करणाऱ्याला ना आपलं गाव म्हाईत, ना आपली भावकी. त्याचा मेव्हणा हितं कुणी न्हाई.

पाव्हणे हसतायत. हसा. पण त्या दिवसापासनं आमच्या वाडीत लावणीवरनं एक डोकं फुटलं न्हाई.

आन् कायदे किती कडक! तो खांबामागं बसलाय तो बबन दरसाल टीम बदलायचा. यंदा कोण पहिल्या दिवशी खेळणार ह्याचा वास काढायचा आन् तो शर्ट घालायचा. मग नामानं ठरवलं, अक्षय तृतीयेला प्रत्येक घरानं देवळात येऊन आपली टीम सांगायची. त्यानंतर बदल न्हाई. दुसरा कायदा असा, की यादी आल्यावर ते टीव्हीवाले मॅच हिकडं तिकडं ढकलतात. शनिवारची रविवारी नेतात, सोमवारी नेतात. एका साली त्यावरनं दत्तू म्हणाला, आता माझा नंबर वर आला. नामा म्हणाला, जूनला आली ती यादी. मागनं कुणी काहीही हलवू दे, आपल्यात नंबर हलत न्हाई. दत्तू, आठवतंय ना? मान हलवू नकोस, मला दिसतंय.

यादी आली की ही सगळी माणसं कशी वागायची ते बघण्यासारखं असायचं. मी वाती वळायला म्हणून जाऊन बसायची, पण वाती कुठल्या. विलायतेत कुणीतरी बसलंय आन् ह्यांच्याच घरादारावर डूख धरून यादी लिहितंय, असं ह्यांना वाटायचं. निळ्यांना लागोपाठ तीन परगावच्या मॅच आल्या की दत्तू म्हणायचा, मुद्दाम केलंय. तांबड्यांना सुरवातीलाच दांडगी टीम आली की तानाजी म्हणायचा, आमाला आधीच मोडायचं ठरवलंय. दांडगी टीम शेवटी आली की, बघा, आमी जिंकत आलो की पाडायचं ठरवलंय. एकाची मोठी मॅच दिवाळीत पाडव्यालाच आली. तो म्हणाला, सासुरवाडीला जाऊ का मॅच बघू? म्या म्हणलं, सासुरवाडीला विचार, त्यांना तू यायला पायजे हाईस का आधी. नऊ वर्षांत, मंडळी, आमची यादी सोपी आली, असं एकाच्या तोंडून म्या ऐकलं न्हाई. सगळ्यांचीच अवघड. मग सोपी जाती कुणाकडं?

नामा यादी वाचायचा. चष्मा लावून, उभा राहून, पलटणीत हजेरी घेतात तशी. शुक्रवारची पहिली मॅच मोठ्यानं वाचायचा आन् थांबायचा. कारण त्या ओळीवर पहिलं रान ठरायचं. मग बाकीची.

आता खरी गोष्ट. तिसऱ्या साली नामाची वांगी टीम लई हरली आन् खालच्या वर्गात ढकलली. त्यांच्यात तसं असतंय म्हणे. मी दुसरी नापास, पण मला कुणी पहिलीत न्हाई ढकललं. ही लोकं ढकलतात. खालच्या वर्गात गेली म्हंजे मोठ्या यादीत नावच न्हाई. मग नामाचं रान कधी? पोरं म्हणाली, अण्णा, दुसरी टीम घ्या. नामा म्हणाला, यादीत न्हाई तो शेवटी.

झालं. सहा वर्षं नामाचं रान शेवटी. अकरातलं अकरावं. आपण सगळे दमून भागून त्याच्याकडं जायचो. पाठ मोडलेली, हात चिखलानं कुजलेले, कधी एकदा उरकतंय असं झालेलं. रोप हे एवढं वाढलेलं. लावायचं म्हणून लावायचो, ओळी वाकड्या, रोपाच्या चुडाला चुडाचा मेळ न्हाई. पारू भाकरी-कालवण घेऊन यायची ती पण आपण गप खायचो. सहा वर्षं. मी काही वेगळी न्हाई. सहा वर्षांत तानाजीला एकदा पण म्हणलं न्हाई की यंदा नामाच्या रानात लवकर जा. आपला नंबर लागलाय ना, मग पुढचं पुढच्यानं बघावं. असंच होतं माझं पण.

एकदा बांधावर बसून म्या त्याला विचारलं, काय रं नामा, टीम बदलत का न्हाईस? म्हणाला, "वैनी, यादी मी वाचतो. माझंच रान पुढं आलं तर कुणाला तरी वाटंल, नामानं काहीतरी फिरवलं. मी शेवटी हाय तोवर कुणी काही बोलत न्हाई."

म्या म्हणलं, म्हंजे हरणारी टीम तू मुद्दाम धरलीस?

म्हणाला, "तेवढी अक्कल असती तर जिंकणारी नसती का धरली?"

ह्या मे महिन्यात वांगी टीम परत वर आली. वरच्या वर्गात. नामा सकाळी सकाळी माझ्या दारात आला, तो शर्ट घालून. पार विटलेला, कॉलर निघालेली. मला सांगायला लागला, कुणी गोल मारला, कसा मारला. मला त्यातलं काही कळलं न्हाई. म्या एवढंच विचारलं, आता यादीत नाव येणार, मग पहिलं रान तुझं आलं तर काय करशील? घेशील का परत लाजशील?

तर म्हणाला, "घेईन की. का न्हाई घेणार? सहा वर्षं थोराड रोप लावलंय, वैनी. एकदा कवळं लावून बघायचंय."

एवढंच म्हणला. हे मी आज पहिल्यांदा सांगतीय. पारूला पण ठाऊक नसंल.

मग त्यानं वाफ्यात बी पेरलं. मिठाच्या पाण्यात बुडवून, वर तरंगलेलं पोचट काढून, निवडून पेरलं. भोवतीनं काटेरी कुंपण केलं. आन् चौथ्या दिवशी त्याच वाफ्याच्या बांधावर बसला तो उठला न्हाई. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. त्यावर मला जास्ती बोलायचं न्हाई. माणूस मरतो. चांगला गेला, कुणाला उसाभर करायला लावली न्हाई.

दहाव्याच्या आदल्या दिवशी यंदाची यादी आली.

ह्या वर्षी नामाच्या पडवीत कुणी गेलं न्हाई, सुतकात टीव्ही कसा लावायचा. देवळापुढच्या ह्याच मंडपात बसली सगळी, जो तो आपापला मोबाईल घेऊन. मी त्या कोपऱ्यात. दत्तू वाचायला लागला. बाकीच्यांनी नेहमीसारखी कुरकुर केली. पट्ट्यावाल्यांना डिसेंबरात तीन परगावच्या मॅच आल्या. निळ्यांना एका आठवड्यात दोन दांडग्या टीमा आल्या. पिवळ्यांची गावजत्रेच्या दिवशीच मॅच आली. सगळं नेहमीचं. पण आवाज बारीक. म्या म्हणलं, नामा गेल्यामुळं असंल.

मग माझ्या ध्यानात आलं. दत्तूनं वाचायला सुरवात केली ती शनिवारपासनं.

मला वाचता येत न्हाई धड, पण नऊ वर्षं ऐकतीय की शुक्रवार आधी येतो. म्या विचारलं, दत्तू, शुक्रवार कुठाय? दत्तू म्हणाला, "आजी, यंदा शुक्रवारी काही न्हाई." बबन वर पत्र्याकडं बघायला लागला. आन् माझा तानाजी मोबाईलात असे डोळे घालून बसला, जणू त्यात त्याचं दुसरं लग्न जमतंय.

मी उठले. घरी गेले. सून भाकरी थापत होती. रेखाला म्या म्हणलं, हात धू आन् मला मोबाईलात यादी बघून दे. तिनं बघितलं.

म्हणाली, "आत्या, शुक्रवारी हाय की. पहिलीच ओळ हाय. वांगी टीम, त्यांच्याच गावात. समोर तांबडे."

म्या म्हणलं, म्हंजे नंबर कसे?

"पहिलं रान नामाकाकांचं. दुसरं आपलं."

आन् ती वांगी काढली तर?

पोरगी मोबाईलाकडं बघत बसली. तवा तापून धूर निघाला तरी तिचं ध्यान न्हाई. मग म्हणाली, "तर पहिलं आपलं, आत्या."

आता कळलं का पाव्हण्यांनो, मी तिखट का वाढतीय?

रात्री तानाजी जेवायला बसला. म्या विचारलं. मुलगा माझा, सरळ बोलला, त्याबद्दल त्याला बोल लावत न्हाई. म्हणाला, "आई, अण्णाच न्हाईत तर टीम कुणाची? मेलेल्या माणसाचा नंबर धरायचा असतो व्हय?" म्या भाकरी वाढली. मनात म्हणलं, एकट्याला काय उत्तर द्यायचं, सगळ्यांना एकदमच देऊ. परत परत बोलायला माझ्याकडं वारा न्हाई.

दहावं उरकल्यावर मी पारूकडं गेले. पारू, बोलू ना? बोलते. ती वाफ्यापाशी बसली होती, चिमण्या हाकत. रोप वीतभर झालं होतं, हिरवंगार, एकसारखं. म्या म्हणलं, लावायचं काय ठरवलंस? तर म्हणाली, "आक्का, यंदा राहू दे पड. माणूस होता तवा शेवटी यायचे. आता कशाला येतील? अन् मी कोणत्या तोंडानं बोलवू?" असं म्हणली आन् परत चिमण्या हाकायला लागली. जे रोप लावायचं न्हाई त्याच्यावरनं चिमण्या हाकत होती.

खाचर एक साल पड राहिलं तर काय होतंय, हे तुमाला मी सांगायला पायजे का? खेकडे बांध पोखरतात. बांध फुटला की वरचं पाणी खालच्या खाचरात सरळ घुसतं, रोपं झोपवतं. नामाच्या खाली कुणाची खाचरं हायत? दत्तू, तुझी. त्याच्याखाली बबन, तुझी. दुसऱ्या साली गवत कमरेएवढं. तिसऱ्या साली तिथं कुंपण, फाटक आन् आत बंगला. नामा जाऊन पाचव्या दिवशीच, मंडळी, हायवेकडनं एक माणूस बुलेटवर येऊन पारूला विचारून गेला, रस्त्याला लागून किती गुंठे हायत. पाचव्या दिवशी. त्याला यादीबिदी लागत न्हाई. तो बरोब्बर पहिला आला.

आता तानाजीला उत्तर. सगळ्यांनीच ऐका, कारण तो बोलला तेवढंच, मनात सगळ्यांच्या तेच हाय.

टीम कुणाची, विचारतोस? अक्षय तृतीयेला नामा ह्या देवळात आला होता का न्हाई? त्यानं सगळ्यांसमोर टीम सांगितली का न्हाई? सांगितली. तवा जिवंत होता ना? का तवापण तुला मेलेला दिसला? टीम घराची असती, बाबा, एकट्या माणसाची न्हाई. तुझा बाप जाऊन किती वर्षं झाली. कुणी म्हणलं का की आता हे घर लावणीतनं काढा? तवा आमी दोघीतिघी बाया होतो घरात आन् तू शाळेत. पण आपल्या रानात माणसं उतरली. नंबरानं उतरली. तू ते भात खाऊन एवढा झालास.

आन् कायदा काय हाय? जूनला आली ती यादी. टीव्हीवाल्यांनी मॅच शनिवारची रविवारी नेली तरी आपल्यात नंबर हलत न्हाई. मग एक माणूस हिकडचा तिकडं गेला, त्यानं कसा हलंल?

तुमी वाईट हाय असं मी म्हणत न्हाई. वाईट माणसानं ती ओळ मोठ्यानं वाचली असती आन् वर म्हणला असता, जा, न्हाई येत. तुमी ओळ गिळली. म्हंजे अजून लाज हाय. लाज हाय तोवर माणसाशी बोलता येतं, म्हणून मी बोलतीय.

दोन तास झाले, हितं नामाला आधारवड म्हणलं, देवमाणूस म्हणलं, पोरांचा बाप म्हणलं, त्याच्या नावानं चषक ठेवू म्हणलं, मैदानाला नाव देऊ म्हणलं. ठेवा चषक. द्या नाव. पण बोलणाऱ्या एकाच्या तोंडून आलं न्हाई की मी त्याच्या रानात उतरतो. फोटोला हार घातलात, चांगलं केलंत. फोटो घेऊन चिखलात भात लावता येत न्हाई.

माझं रान एक दिवस मागं जाईल. जाऊ दे. एका दिवसानं माझं रोप म्हातारं होत न्हाई. घरात मुलगा तोंड फुगवील, तो लहानपणापासनंच फुगवतोय.

आन् एक सांगून ठेवते, म्हंजे मागनं कुणी म्हणायला नको की म्हातारीनं पारूवर दया करायला लावली. पुढच्या साली वांगी टीम परत खाली गेली, तर पारूचं रान शेवटी. तवा मी एक शब्द बोलणार न्हाई. खाली न जाता नुसतं यादीत मागं नाव आलं तरी न्हाई बोलणार. पारू पण बोलणार न्हाई, मी तिला ओळखते. मला दया नको. तिचा नंबर लागलाय, तो द्या.

पारू, मान वर कर. तुला कुणाला बोलवायला जायचं न्हाई. ज्याचा नंबर असतो तो बोलवत न्हाई, त्याच्याकडं जायचं असतं. तू फक्त भाकऱ्या किती टाकायच्या ते बघ. आन् कालवणात मीठ बेतानं घाल, गेल्या साली लई झालं होतं.

बोलणं लांबलं. मास्तर घड्याळाकडं बघतायत.

आता नामासाठी दोन मिनिटं सगळ्यांनी उभं राहायचं. पाव्हण्यांनो, तुमी पण, पण पुढचं तुमच्यासाठी न्हाई. आमच्या वाडीतल्या घरांनी ऐका. परवा सकाळी नामानं पेरलेलं रोप एकवीस दिवसांचं होतंय. परवा सकाळी पारूच्या रानात ज्याला यायचं न्हाई, त्यानं ह्या दोन मिनिटांत खाली बसावं. कारण सांगायचं न्हाई. मी विचारणार न्हाई, पारू विचारणार न्हाई. नुसतं बसायचं. तुमी डोळे मिटा, तशी रीत हाय. मी मिटणार न्हाई.

दत्तू, पुढं सरक. बबन, खांबामागनं बाहेर ये. तानाजी, तू हितं, माझ्यासमोर.

नामा, आमचा रामराम घे.

उठा सगळी. आता कुणी बोलायचं न्हाई.